दोन चिमटे आणि एक वीत वायर

३ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून मी सुरक्षा अधिकारी. शिक्षण चौथी पास. हसायचं त्याने हसून घ्यावं, मीही हसले.

झालं असं. कॉलेजची पोरं विजेवर पळणारी शर्यतीची गाडी बनवताहेत. स्पर्धेचा नियम म्हणे असा की बॅटरीची पेटी उघडायची तर विद्यार्थी नसलेलं एक मोठं माणूस समोर पाहिजे आणि रोज त्याची सही पाहिजे. सरांना तास असतात. दुसऱ्या सरांची पाठ धरलीय. मग सरांची नजर फिरत फिरत स्टोअरच्या खिडकीवर आली आणि खिडकीत मी. नऊ वर्षं तिथेच बसलेय. पाने, पकडी, स्क्रू द्यायचे आणि मोजून परत घ्यायचे. खिडकी वर्कशॉपातच उघडते. सर म्हणाले, "बाई, तुम्ही नाहीतरी बसलेल्याच असता. फक्त सही करायची."

फक्त सही करायची, असं मला लग्नातही सांगितलं होतं.

घरी आले तर भाची तोंड पाडून बसलेली. धाकट्या बहिणीची मुलगी, शिकायला माझ्याकडे असते, तिसरं वर्ष. तीही त्याच टोळीत. म्हणाली, "मावशी, तिथे सगळ्यांसमोर माझ्यावर ओरडू नकोस हं." मी म्हटलं, मी ओरडते कधी? तर म्हणते, "आत्ता काय चाललंय?"

डॉक्टरने सांगितलंय, राग आला की लिहून काढा, रक्तदाब उतरतो. ही सहावी वही. रक्तदाब आहे तिथेच आहे.

४ फेब्रुवारी, मंगळवार

गाडी जवळून पाहिली. गाडी म्हणजे पाइपांचा सांगाडा, चार चाकं आणि पुढे चोच. बॅटरी भंगारातल्या स्कूटरींची, एकेक सेल तपासून जोडलेला. बसायची जागा प्लॅस्टिकच्या खुर्चीतून कापून काढलेली, तिचा एक पाय अजून कोपऱ्यात पडलाय.

बॅटरीचं काम बघतो त्या पोराचे केस खांद्यापर्यंत. सगळे त्याला झिंज्या म्हणतात, मीही म्हणते. त्याला विचारलं, वीज किती? म्हणाला, तीनशे व्होल्ट. आमच्या घरातली त्याहून कमी आणि ती माणसाला फेकते. मी म्हटलं, मग ही काय करते? म्हणाला, "ही फेकत नाही मावशी, धरून ठेवते." वर दात काढले.

जाड रबरी हातमोजांचा जोड टोळीत एकच. डावा एकाच्या हातात, उजवा दुसऱ्याच्या. मी विचारलं, उघड्या हाताचं काय करता? कप्तान म्हणाला, "खिशात ठेवतो." कप्तान म्हणजे टोळीचा म्होरक्या. बोलतो गोड, चालतो असा की वर्कशॉप त्याच्या वडिलांनी बांधलंय.

६ फेब्रुवारी, गुरुवार

पहिली सही. कागदावर अडतीस ओळी. कप्तानाने सगळ्यांपुढे टिंबं मारून आणलेली, दीड मिनिटात. "मावशी, इथे."

मला वाचायला वेळ लागतो. ते त्याला सांगायची गरज नव्हती. म्हटलं, एक ओळ मोठ्याने वाच, त्या वस्तूवर बोट ठेव, मग मी बघणार, मग टिंब. तो म्हणाला, "अडतीस?" मी म्हटलं, सदतीस चालतील का? कुठली गाळू ते सांग.

दोन तास लागले. नऊ ओळींच्या वस्तू सापडल्याच नाहीत. आग विझवायचं नळकांडं होतं, पण त्याच्यावरची तारीख झिंज्या शाळेत होता तेव्हाची. न बघता सही केली तर ती सही नाही, रेघोटी. सही केली नाही.

सर म्हणाले, "बाई, मी म्हटलं होतं फक्त सही." मी म्हटलं, सही फक्त नसते सर.

भाची घरी येईपर्यंत माझ्याशी बोलली नाही. आता सगळी बाराच्या बारा मला मावशी म्हणतात. इतक्या बहिणी मला असत्या तर आईने जीव दिला असता.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आज कळलं की गाडी भाची चालवणार. टोळीत तिचंच वजन सगळ्यांत कमी, म्हणून तिला काडी म्हणतात आणि म्हणून तिला बसवतात. एक जाड पोरगाही त्या जागेवर डोळा ठेवून आहे, पण तो बसला की गाडी दमते.

जीव भांड्यात पडला. बाकीची पोरं बॅटरीत हात घालतात, पाइप कापतात, वेल्डिंग करतात. हिला नुसतं बसायचं. बहिणीला फोन केला, म्हटलं, काळजी करू नकोस, तुझ्या मुलीला सगळ्यांत सोपं काम दिलंय.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

राहिलेल्या नऊ वस्तू आल्या, सही झाली आणि आज गाडी पहिल्यांदा आवारात पळाली. पळाली म्हणजे अर्धी फेरी. मग टक् असा आवाज आला आणि जागेवर मेली.

सीटच्या मागे काडेपेटीच्या दुप्पट एक पेटी आहे आणि तिच्यावर लाल दिवा. वीज तारेतून बाहेर पडून सांगाड्यात गळायला लागली की ती पेटी सगळी वीज तोडते आणि दिवा लावते. झिंज्याने समजावलं. मला पटलं. आमच्या चाळीत असायची तशी एक बाई. कुणाकडे काय शिजतंय, कोण कुणाकडे गेलं, सगळं हिला आधी कळायचं आणि ही गावभर करायची. मी त्या पेटीचं नाव चोंबडी ठेवलं. नाव पोरांना आवडलं, पेटी आवडत नाही.

दिवसभरात चोंबडी अकरा वेळा ओरडली. झिंज्या म्हणाला, "स्वस्तातली आहे मावशी, उगाच ओरडते." मी म्हटलं, मीही स्वस्तातली आहे.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

कटकट. चोंबडी थांबत नाही आणि स्पर्धेला महिना राहिला. कप्तान झिंज्यावर ओरडतो, झिंज्या पेटीवर, पेटी सगळ्यांवर.

दुपारी झिंज्या खिडकीवर धावत आला. "मावशी, दोन चिमटे आणि एवढी वायर." वायरीच्या टोकाला लावतात ते दातेरी चिमटे. एक वीतभर वायर कापून दिली. मागणीवहीत नाव, वस्तू, नग, सगळं लिहिलं आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं, "काम". मी म्हटलं, काम सगळेच करतात, कसलं काम? पण मागे रांग होती, तो पळाला. मी तसंच जाऊ दिलं. नऊ वर्षांत असं कधी जाऊ दिलं नव्हतं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

झिंज्याला मानलं. तीन दिवसांत चोंबडीचा रोग काढला पोराने. आज गाडी चाळीस फेऱ्या पळाली, दिवा एकदाही लागला नाही. यादीतली एकतिसावी ओळ, गळती दाखवणारी पेटी जागेवर आहे का? आहे. बोट ठेवून दाखवली. शहाण्या सुनेसारखी खाली मान घालून बसलीय. टिंब मारलं, सही केली.

भाचीच्या फेऱ्या सगळ्यांत जलद. पण घरी आली तर जेवण ताटात तसंच. मग एकदम म्हणाली, "मावशी, एखादं माणूस सारखं बडबडत असेल, सगळ्यांचं काम अडत असेल, तर त्याचं तोंड बंद करणं चूक का?"

मला सगळं कळतं. मी म्हटलं, तुझ्या टोळीला माझी बडबड नको असेल तर सरांना सांगा, मला काय हौस नाही. ती म्हणाली, "तुझ्याबद्दल नाही गं." मी म्हटलं, मग कुणाबद्दल? घरात बडबडणारं दुसरं आहे कोण? ती उठून गेली. लागलं मला. खोटं कशाला बोलू.

१ मार्च, शनिवार

दोन चिमटे परत आले नाहीत. झिंज्याला तिसऱ्यांदा विचारलं. आधी म्हणाला, खोलीवर राहिले. मग म्हणाला, उद्या. आज म्हणाला, "मावशी, दोन चिमट्यांचं काय घेऊन बसलात?" मी म्हटलं, दोन चिमट्यांचंच तर मी घेऊन बसलेय, त्याचाच पगार मिळतो. अकरा तारखेला स्टॉकची मोजणी आहे. नऊ वर्षांत माझ्याकडे एक वॉशर कमी निघालेला नाही.

मला वाटतं, तो केसांना लावतो.

४ मार्च, मंगळवार

बडे लोक गाडी बघायला येणार म्हणून पोरांनी तिला पाण्याने धुतली, पुसली आणि चार्जिंगला लावली. चार्जर घरीच बनवलेला, गुरगुरतो. मी पाहुण्यांच्या खुर्च्या मांडत होते, जरा टेकले म्हणून सांगाड्याच्या पाइपावर हात ठेवला, तर हाताला सर्रकन मुंग्या. कोपरापर्यंत. हात काढला, गेल्या. परत ठेवला, परत आल्या.

पन्नाशी जवळ आली की शरीर असंच कळवतं. पाहुणे गेल्यावर सुट्टी टाकून डॉक्टरकडे गेले. त्याने मान दाबली, म्हणाला, मणक्यात दोष, वाकून काम करता का? मी म्हटलं, बसून करते. म्हणाला, तेच. दहा गोळ्या दिल्या आणि उशी पातळ घ्यायला सांगितली.

पाहुण्यांनी गाडीचं कौतुक केलं. एक जण म्हणाले, "सुरक्षेचं काय?" सरांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी नारिंगी जाकिटात उभी होते. पाहुण्यांचं समाधान झालं.

६ मार्च, गुरुवार

आज चार्जिंग चालू असताना भाची गाडीची सीट पुसत होती. हात झटकून बाजूला झाली. मी विचारलं, मुंग्या का? तिचा चेहरा पांढरा पडला. "तुला कसं कळलं?"

म्हटलं, मलाही येतात, घराण्यातच दोष दिसतो. आपल्या आजीलाही मान होती. तिला माझ्यातल्या दोन गोळ्या दिल्या. तिने गोळ्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. वाटलं काहीतरी बोलेल, पण कप्तानाने हाक मारली. संध्याकाळी पुन्हा विचारलं, तर म्हणे काही नाही. एवढ्या लहान वयात मान. बहिणीला अजून कळवलं नाही.

१० मार्च, सोमवार

आजचं नीट लिहिते.

उद्या मोजणी. चिमटे नाहीत. सकाळीच ठरवलं, आज चिमटे घेतल्याशिवाय घरी जाणार नाही. पोरांची दप्तरं रिकामी करायला लावली. झिंज्याचे खिसे उलटे केले. त्यात एक कंगवा निघाला, म्हणजे तो कंगवा वापरतो तरी. मग टेबलांचे खण, मग भंगाराचा डबा. राहिली गाडी. मागे एकदा तिच्या पोटात माझा तेरा नंबरचा पाना सापडला होता.

गाडी आवारात उभी होती. पुढच्या आठवड्यात ट्रकवर चढायची, म्हणून शेवटची लांब चाचणी, पूर्ण वेगाने. भाची आत पट्ट्यांनी बांधलेली, डोक्यावर हेल्मेट. कप्तानाच्या हातात घड्याळ. मी मागून गेले आणि सीटमागचं झाकण उचललं.

चोंबडीच्या दोन्ही बाजूंना माझे दोन चिमटे. मध्ये माझीच वायर. ओळखायला वेळ लागला नाही, स्टोअरच्या प्रत्येक वस्तूला मी नखाला लावायच्या लाल रंगाचा ठिपका देते.

झिंज्या ओरडला, "मावशी, हात लावू नका!" चालू गाडीत हात घालायचा नाही हे मी सुरक्षा अधिकारी म्हणून रोज सांगते. पण त्या वेळी मी सुरक्षा अधिकारी नव्हते, स्टोअरवाली होते. ओढून काढले.

टक्. लाल दिवा. गाडी मेली.

मग जो गोंधळ झाला! कप्तान म्हणाला, "काय केलंत तुम्ही हे? द्या इकडे!" मी म्हटलं, माझे आहेत. तो म्हणाला, "स्पर्धेपुरते द्या!" मी म्हटलं, देते की, मी काय खाणार आहे ते? मोजणीवाल्यांना वही दाखवीन. पण या खेपेला कारण नीट लिहायचं. 'काम' चालणार नाही. खिडकीतून मागणीवही आणली आणि चोचीवर ठेवली.

कप्तानाने पेन उघडलं. नाव लिहिलं. वस्तू लिहिली. नग दोन. कारणाशी थांबला. पेन झिंज्याला दिलं. झिंज्याने वहीकडे बघून केस कानामागे सारले आणि पेन परत दिलं. मला कळेना, ज्यांना इंजिनिअर व्हायचंय त्यांना एक ओळ लिहिता येत नाही?

तेवढ्यात सर आले. "बाई, वेळ जातोय, देऊन टाका." मी म्हटलं, तुम्ही लिहा सर, तुमची सही चालते. सरांनी पेन घेतलं. मग झाकणाखाली वाकून पाहिलं, दिव्याकडे पाहिलं, झिंज्याकडे पाहिलं. पेनाला टोपण लावलं, खिशात टाकलं, आणि म्हणाले, मला मीटिंग आहे. माझं पेन होतं ते.

मग भाचीने हेल्मेट काढलं. आतूनच म्हणाली, "मला द्या वही." दुसरं पेन दिलं. तिने लिहिलं, वही माझ्याकडे केली. मी अक्षर लावून लावून वाचलं.

"सांगाड्यात वीज गळते आहे. ते सांगणारी पेटी गप्प करण्यासाठी."

एकदा वाचलं. परत पहिल्यापासून वाचलं. मी विचारलं, सांगाडा म्हणजे हेच पाइप ना? म्हणाली, "हो." मी म्हटलं, ज्यात तू बसलीयस? म्हणाली, "हो मावशी."

आणि मुंग्या?

कुणी वर बघेना. चार गोळ्या खाल्ल्या मी मानेच्या. चार उरल्यात.

झिंज्या हळूच म्हणाला, "एका ठिकाणी गळलं तर तसं काही होत नाही मावशी. दुसऱ्या ठिकाणीही गळलं तरच." मी म्हटलं, मग तू काय दुसऱ्या ठिकाणाची वाट बघत होतास?

चिमटे घेतले, वही घेतली, भाचीच्या पट्ट्या सोडल्या. एक पट्टा सुटेना.

११ मार्च, मंगळवार

मोजणी झाली. काही कमी नाही.

घरी भांडण. "तुला माहीत होतं." "हो." "कधीपासून?" "पहिल्या दिवसापासून. झिंज्याने सांगितलं होतं." मी म्हटलं, आणि तरी चाळीस-चाळीस फेऱ्या मारल्यास? ती म्हणाली, "मी बोलले असते तर गाडी उभी राहिली असती. नाहीतर त्यांनी त्या जाड्याला बसवलं असतं. मावशी, मला कधी कुणी कशात पहिलं बसवलंय का?"

आतापर्यंत मला वाटायचं, घराण्यात मूर्ख फक्त माझी बहीण.

तोंडात मारायला हात उचलला, मारला नाही. मग माझ्याच डोक्यात आलं. एकतिसाव्या ओळीपुढचं टिंब माझं. सही माझी. पंधरा दिवस रोज. उद्या हिला काही झालं असतं तर सरांनी माझ्याकडेच बोट दाखवलं असतं, पाहुण्यांना दाखवलं तसंच. आणि ते खोटं नसतं.

१४ मार्च, शुक्रवार

मी म्हटलं, गळती सापडेपर्यंत सही नाही. कप्तानाने सरांकडे तक्रार केली. सर म्हणाले, माझ्या हातात काही नाही, नियम आहे. एवढ्या लवकर नियम आठवला.

तीन दिवस पोरांनी गाडी उकलली. आज सापडली. सीटच्या बरोबर खाली, भाचीच्या मांडीपासून चार बोटांवर. जाड केबल पाइपाला जोडलेल्या पत्र्यातल्या भोकातून जाते, तिथे पत्र्याची धार लागून वरचं आवरण घासलंय, आतलं तांबं दिसतंय. अशा भोकात रबरी रिंग बसवायची असते म्हणजे केबल घासत नाही. झिंज्याने केबल हातात धरली आणि खाली बसला. मग काडीला सॉरी म्हणाला, पण केबलकडे बघून.

मी म्हटलं, रबरी रिंग का नाही बसवली? कप्तान म्हणाला, "पैसे संपले होते." मी म्हटलं, अरे, माझ्या चौथ्या खणात शंभर पडल्यात, सगळ्या मापाच्या. मागितली का नाही? तो म्हणाला, "तुम्ही कारण विचारता. मग वही, मग सही. एवढ्याशा रिंगेसाठी कोण तुमच्या तोंडी लागणार?"

चौथा खण उघडला, पूर्ण बाहेर काढला, त्यांच्या टेबलावर ठेवला. म्हटलं, घ्या. कारण नको.

१७ मार्च, सोमवार

केबल बदलली, रिंगा बसवल्या. यादी वाचून झाली. एकतिसावी ओळ मी बदलून घेतली, आता 'जागेवर आहे का' नाही, 'ओरडते का'. मुद्दाम गळती लावून दाखवायला सांगितली. ओरडली. गोड वाटलं.

कप्तान म्हणाला, आता सही. मी म्हटलं, एक राहिलं. गाडी धुवा, चार्जिंगला लावा. मग ज्याला सही हवीय त्याने चपला काढून ओल्या फरशीवर उभं राहायचं आणि सांगाड्यावर हात ठेवायचा. आधी कप्तान, मग झिंज्या, मग सर.

सर म्हणाले, "बाई, काय बोलताय? हे धोक्याचं आहे!"

मी म्हटलं, मग ती कशी बसते?

कुणी चपला काढल्या नाहीत. झिंज्या म्हणाला, एकदा मीटरने बघून घेऊ. कप्तान म्हणाला, दोनदा बघ. सर म्हणाले, सगळीकडे बघा. जे यादीत दीड मिनिटात उरकत होतं त्याला आज चार तास लागले, कारण हात त्यांचा होता. आणि पुढे चोचीच्या आत, एका जोडणीत ओल शिरलेली सापडली. दुसरं ठिकाण.

झिंज्या मीटरकडे बघत राहिला.

तेही दुरुस्त झालं. मीटर ठीक दाखवायला लागल्यावर मी म्हटलं, राहू द्या, हात ठेवू नका. तर सरांनीच चप्पल काढली आणि बोटाच्या मागच्या बाजूने पाइपाला शिवले. काही झालं नाही. त्यांच्याबद्दल आदर वाटला. एका बोटापुरता.

सही केली. भाचीने विचारलं, "मी बसू ना मावशी?" मी म्हटलं, मी नको म्हटलं तर ऐकशील? म्हणाली, नाही. मी म्हटलं, मग विचारतेस कशाला? पण विचारलं ते बरं वाटलं.

२२ मार्च, शनिवार

आज शर्यत. मी गेले नाही, स्टोअर कोण बघणार. दुपारी फोन आला. भाची. रडत होती.

बावीस फेऱ्यांची शर्यत. नवव्या फेरीला आमची गाडी सहावी होती. चौतीस गाड्यांत सहावी. आणि हिला जळका वास आला. चोंबडी गप्प, दिवा नाही, गाडी झकास पळतेय. हिने लाल बटण दाबलं, गाडी कडेला घेतली आणि उतरून लांब उभी राहिली.

तपासणीवाले आले, गाडी उघडली. काही नाही. वास पुढच्या गाडीच्या ब्रेकचा होता. तोवर शर्यत संपली. म्हणाली, "काहीच निघालं नाही मावशी. मी उगाच थांबले. कुणी बोलत नाहीये माझ्याशी. कप्तान म्हणाला, मावशीची भाची शोभतेस."

म्हटलं, वास आला तर आला. फोन ठेवला आणि स्क्रू मोजायला बसले. तीनदा मोजले, तीनदा वेगळे आले.

खरं लिहायचं तर वाईट वाटतंय. पोरीला पहिल्यांदा कशात तरी पुढे बसायला मिळालं आणि मी तिच्या डोक्यात असं काही भरून ठेवलं की दुसऱ्याच्या वासाला ती उतरली. बहिणीने ऐकलं तर म्हणेल, तुझ्याकडे ठेवली आणि भित्री झाली. असेल. मला ठरवता येत नाही. सहावा नंबर म्हणजे थोडं नाही.

२४ मार्च, सोमवार

टोळी परत आली. सकाळीच ट्रक लागला. भाची गाडीच्या दोऱ्या सोडत होती, बाकीचे तिच्या अंगावरून सामान नेत होते, ती वाटेतला खांब असल्यासारखे. झिंज्या तेवढा तिच्याजवळ थांबला, दोरीचं दुसरं टोक धरलं.

कप्तान नेलेलं सामान घेऊन खिडकीवर आला. एकेक वस्तू फळीवर ठेवत होता, जरा आपटूनच. मी वहीत खुणा करत होते. पाने चौदा. पकडी तीन. मीटर एक. आग विझवायचं नळकांडं, नवीन, न वापरलेलं. हातमोजे, आता दोन जोड.

शेवटी तो म्हणाला, "सगळं आलं. फक्त सहावा नंबर तेवढा तिथे राहिला, तुमच्या भाचीमुळे."

मी मान वर केली नाही. विचारलं, भाची आली का परत?

"आली की. ती काय, समोर उभी आहे."

मग मोजणी बरोबर आहे, म्हटलं. इथे सही कर.